शंका-समाधान : यशवंतरावांचे शब्द आणि यशवंतरावांचे काम



मार्च महिन्याच्या १२ तारखेला यशवंतराव चव्हाण यांची जयंती येते. त्या निमित्ताने त्यांच्या जीवनाविषयी आणि उद्गारांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही केले होते. पालघर, बोईसर, तारापूर, डहाणू येथून पत्रे आली. काही प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, काही पेढीवर बसणाऱ्या ज्येष्ठांचे, तर काही घरातील भगिनींचे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहोत.

उत्तरांपूर्वी एक निवेदन. आपण व्यापारी माणसे. रोजमेळात एखादी रक्कम लिहिली, तर तिची पावती कोठे आहे, हे आपण प्रथम पाहतो. थोर पुरुषाच्या नावावर एखादे वाक्य मांडतानाही हीच शिस्त असावी. भाषासमितीचे पालन केवळ आपल्या बोलण्यापुरते नसते. दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालतानाही ते करावयाचे असते. या वेळच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे याच कसोटीवर दिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. शाळेतील वक्तृत्वस्पर्धेसाठी त्याने भाषण लिहिले असून त्याची सुरुवात ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला’ या यशवंतरावांच्या वाक्याने केली आहे. त्याचे आजोबा म्हणतात, वाक्य ‘हाकेला’ असे आहे. शिक्षिका ‘रक्षणाला’ म्हणतात. घरात यावरून वाद झाला. खरे वाक्य कोणते? (एक भगिनी, कोळगाव)

उत्तर : भगिनी, आपल्या घरातील तिघेही आपापल्या परीने बरोबर आहेत, चूक झाली आहे ती ‘यशवंतरावांचे वाक्य’ या दोन शब्दांत. हे वाक्य त्यांनी स्वतःविषयी उच्चारलेले नव्हे. ते महाराष्ट्राने त्यांच्याविषयी उच्चारले आहे. म्हणूनच त्याची तीन-चार रूपे आढळतात. लोकांच्या मुखातून फिरणाऱ्या वाक्याचे असेच होते. नदीतील गोट्याप्रमाणे ते दर वळणावर थोडे घासले जाते. स्वतःला सह्याद्री म्हणवून घेणे हे त्या संयमी पुरुषाच्या स्वभावातही बसणारे नव्हते.

आता त्या वाक्यामागील घटना. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आपल्या सीमेवर मोठे आक्रमण केले. लष्कराची पीछेहाट झाली आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले. त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेल्या यशवंतरावांना पंडित नेहरूंचा दूरध्वनी आला. दिल्लीस येण्याची तयारी आहे काय, असे विचारून, ही गोष्ट कोणाजवळही बोलू नये, असे पंडितजींनी बजावले. यशवंतराव म्हणाले की, एका व्यक्तीला मात्र विचारावे लागेल. ती व्यक्ती कोण, हे पंडितजींना कळेना. ती व्यक्ती म्हणजे पत्नी वेणूताई होत्या. चरित्रकारांनी ही आठवण नोंदवून ठेवली आहे.

त्यांनी २१ नोव्हेंबर १९६२ रोजी शपथ घेतली. चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला, तोही त्याच सुमारास. म्हणजे सह्याद्री पोहोचला, तेव्हा तोफा थंडावत होत्या. यामुळे त्यांचे मोठेपण उणे होत नाही. उलट ते कोठे शोधावे, हे कळते. लढाई जिंकण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले नव्हते. पराभवाने खचलेल्या सैन्याला उभे करण्याचे, तुलनेने कमी टाळ्यांचे काम त्यांच्याकडे आले. तिन्ही दलांच्या प्रमुखांबरोबर सकाळी नियमित बैठक घेण्याची पद्धत त्यांनी घातली. मंत्री आणि सेनापती यांच्यातील अविश्वास दूर करणे, ही त्यांची पहिली दुरुस्ती होती. १९६४ मध्ये पंचवार्षिक संरक्षण योजना आखली गेली. सव्वाआठ लाखांचे भूदल, विमानदलाची ४५ पथके आणि डोंगराळ मुलखात लढण्यासाठी खास शिकविलेल्या तुकड्या, असे तिचे उद्दिष्ट होते.

तेव्हा मुलाने वाक्य अवश्य वापरावे. फक्त ‘यशवंतराव म्हणाले’ याऐवजी ‘महाराष्ट्र ज्यांच्याविषयी म्हणतो’ अशी सुरुवात करावी. आजोबांचा ‘हाकेला’ हा शब्द ठेवला, तर घरातील वादही मिटेल.

प्रश्न : शाळेत असताना ‘तू कोण होणार’ या प्रश्नाला त्यांनी स्वतःचेच नाव उत्तर म्हणून दिले, ही गोष्ट खरी की रचलेली? (एक विद्यार्थी, बोईसर)

उत्तर : खरी. आपल्या ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात त्यांनी स्वतः ती सांगितली आहे. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शेणोलीकर नावाच्या शिक्षकांनी वर्गात हा प्रश्न विचारला. इतर मुलांनी त्या काळच्या मोठ्या पुढाऱ्यांची आणि लेखकांची नावे दिली. या मुलाने मात्र आपण यशवंतराव चव्हाण होणार, असे सांगितले. शिक्षकांना त्यात प्रथम अहंकार दिसला.

परंतु ही गोष्ट सांगताना तिची पार्श्वभूमी विसरू नये. देवराष्ट्रे या आजोळच्या गावी १९१३ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील न्यायालयात बेलीफ होते. ते मुलाच्या बालपणीच वारले. आई विठाई अक्षरशत्रू होत्या. ज्या मुलाजवळ ना वडिलांचा आधार, ना पैसा, ना घराण्याची सत्ता, त्याने कोणाची प्रतिकृती व्हायचे? स्वतःचे नाव एवढेच त्याचे भांडवल होते. ते उत्तर अहंकाराचे नव्हते. रिकाम्या गल्ल्यावर बसून दुकान उघडणाऱ्या माणसाच्या निर्धाराचे होते.

याच आईविषयी आणखी एक आठवण आहे. १९३२ मध्ये स्वातंत्र्यलढ्यातील सहभागाबद्दल यशवंतरावांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. ते तेव्हा शाळेतच होते. त्यांना भेटावयास आई तुरुंगात गेल्या. सोबतच्या शिक्षकांनी सुचविले की, माफी मागितल्यास सुटका होऊ शकेल. मुलाने उत्तर देण्यापूर्वीच आईने त्या सूचनेला ठाम नकार दिला आणि मुलाला प्रकृतीला जपण्यास सांगितले. पुढील आयुष्यात त्यांनी अनेक मोठी भाषणे केली. परंतु थोडक्या शब्दांत पुष्कळ सांगण्याची कला त्यांना कोठून मिळाली असावी, याचा विचार करताना ही भेट आठवते.

प्रश्न : ‘संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करावयाची झाल्यास मी नेहरूंची निवड करीन’ असे ते म्हणाले होते काय? आमच्या घरातील वडीलधारी मंडळी अजूनही याचा राग धरतात. (एक वाचक, पालघर)

उत्तर : होय, या अर्थाचे उद्गार त्यांनी काढले होते. १९५५ च्या अखेरीस, फलटण येथे. पुढे झालेल्या खुलाशांनी त्यांची धार बोथट झाली नाही. आचार्य अत्रे यांच्या लेखणीने तर त्यांना सळो की पळो करून सोडले. १९५७ च्या निवडणुकीत कराडमधून ते निवडून आले, ते अगदी थोड्या मतांनी. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले असताना हे उद्गार लोकांच्या जिव्हारी लागले, यात नवल नाही. आपल्या वडीलधाऱ्यांचा राग अनाठायी आहे, असे आम्ही म्हणणार नाही.

मात्र खातेवही अर्ध्यावर मिटू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करण्यासाठी नेहरूंना त्यांनी आणले आणि रस्त्याच्या दुतर्फा उभा असलेला निदर्शकांचा जनसागर पंतप्रधानांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. ज्या नेत्यावरील निष्ठेपायी त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला, त्याच निष्ठेने मिळालेला विश्वास त्यांनी पुढे महाराष्ट्रासाठी वापरला. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले. एक शब्द खर्चात गेला. पुढच्या कामाने तो भरून निघाला की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

प्रश्न : आमचे आजोबा सांगत की, महाराष्ट्र राज्य होणार म्हणून गुजराती-मारवाडी व्यापाऱ्यांत त्या वेळी फार धास्ती होती. यशवंतरावांनी याबाबत काही म्हटले होते काय? (पेढीवरील एक ज्येष्ठ वाचक, बोईसर)

उत्तर : आपल्या आजोबांची आठवण खरी आहे. आपल्या या भागाला त्या फाळणीचा अनुभव अगदी उंबऱ्यापर्यंत आला. डहाणूपलीकडील उंबरगावचा प्रदेश १९६० मध्ये गुजरातेत गेला. एका घरची लेक या राज्यात आणि माहेर त्या राज्यात, असे अनेक कुटुंबांत झाले. मुंबईच्या बाजारपेठांत तर भांडवल राहील की जाईल, अशी कुजबुज होती.

त्या दिवसांत नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर यांनी यशवंतरावांना एक टोकदार प्रश्न विचारला : हे राज्य मराठी होणार की मराठा? ‘मराठी’ असे यशवंतरावांचे निःसंदिग्ध उत्तर होते. एका जातीचे राज्य म्हटले की बाकीचे सर्व बाहेरचे ठरतात. भाषेचे राज्य म्हटले की, ती भाषा जो आपली म्हणेल, त्याला दार उघडे राहते.

त्या उत्तराची पावती त्यांच्या कारभारात सापडते. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले. त्यानंतर जेमतेम चार महिन्यांत ते दिल्लीस गेले. परंतु याच महामंडळाने पुढे तारापूर-बोईसरला औद्योगिक वसाहत उभारली आणि त्यातून आपल्यापैकी कित्येक घरांचा चरितार्थ चालला. योगायोग असा की, आपला पालघर जिल्हाही १ ऑगस्ट रोजीच, २०१४ मध्ये, अस्तित्वात आला. आज कोळगावच्या जिल्हा मुख्यालयात कामानिमित्त जाणारा व्यापारी अर्ज मराठीत लिहितो आणि घरी आल्यावर आईशी गुजराती किंवा मारवाडी बोलतो. आपल्या या मासिकाचा मराठी विभागही त्याच उघड्या दारातून आला आहे.

प्रश्न : १९६३ साली चौदा कॅरेटचा कायदा आला, तेव्हा माझ्या वडिलांचे दागिन्यांचे दुकान जवळजवळ बंद पडले. हा कायदा संरक्षणमंत्री म्हणून यशवंतरावांनी आणला, असे घरात सांगितले जाते. ते खरे आहे काय? (एक सराफ, पालघर)

उत्तर : नाही. परंतु हा गैरसमज कोठून निर्माण झाला असावा, ते सांगतो. सुवर्णनियंत्रणाचे नियम जानेवारी १९६३ मध्ये जारी झाले. नवे दागिने चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचे घडविण्यास त्यांनी मनाई केली. हे नियम ‘भारत संरक्षण नियमां’चा भाग म्हणून काढले गेले. नावात ‘संरक्षण’ हा शब्द असल्याने लोकांनी त्याचा संबंध संरक्षणमंत्र्यांशी जोडला, हे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात तो निर्णय अर्थखात्याचा होता आणि अर्थमंत्री मोरारजी देसाई होते.

सोन्याची हौस कमी व्हावी आणि चोरटी आयात थांबावी, हा हेतू होता. हेतू साधला नाही. मात्र असंख्य सुवर्णकारांची भट्टी विझली. ज्यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये राष्ट्रीय संरक्षण निधीला अंगावरील दागिने उतरवून दिले, त्यांच्यापैकीच अनेकांच्या दुकानांना दोन महिन्यांत टाळे लागण्याची वेळ आली. आपल्या वडिलांचे दुःख खरे होते, हे मान्य केलेच पाहिजे. चौदा कॅरेटचे बंधन १९६६ मध्ये उठले, पण १९६८ मध्ये सुवर्णनियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला. यशवंतराव १९७० ते १९७४ या काळात अर्थमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीतही तो कायदा राहिला. तो रद्द झाला १९९० मध्ये. म्हणजे कायदा आणल्याचा दोष त्यांच्या खाती घालू नये. तो चालू ठेवल्याची नोंद मात्र त्यांच्याही नावे राहील.

आपल्या घरी जुन्या पेटीत संरक्षण निधीची एखादी पावती असल्यास ती जपून ठेवावी आणि मुलांना दाखवावी.

प्रश्न : आपण अहिंसा हा परमधर्म मानतो. मग युद्धकाळातील संरक्षणमंत्र्याचा गौरव आपल्या मासिकात का? (एक भगिनी, तारापूर)

उत्तर : भगिनी, आपला प्रश्न या वेळच्या सर्व प्रश्नांत अधिक कठीण आहे. तत्त्वाचा निर्णय गुरुमहाराजांच्या मुखातूनच ऐकावा. गृहस्थापुरते शास्त्र जे भेद करते, त्यांची फक्त आठवण देतो. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी अशी हिंसेची चार रूपे सांगितली आहेत. मनात ठरवून केलेली संकल्पी हिंसा श्रावकाला सर्वथा त्याज्य आहे. आक्रमण परतवताना घडणारी विरोधी हिंसा निर्दोष मानलेली नाही. परंतु गृहस्थाश्रमात ती पूर्णपणे टळत नाही, हे ओळखून तिची मर्यादा सांगितली आहे.

आपल्याच परंपरेतील एक नाव पाहा. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराची विशाल मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस ज्याने घडविली, तो चावुंडराय गंग राजांचा मंत्री आणि सेनापती होता. त्या मूर्तीच्या पायाशी त्याचे नाव मराठीतही कोरलेले आहे. मराठीच्या अगदी जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. रणांगण पाहिलेल्या त्या पुरुषाने उभारली ती प्रतिमा मात्र विजयी भावावर उचललेली मूठ खाली आणून सर्वस्व सोडणाऱ्या बाहुबलींची.

आता यशवंतरावांकडे वळू. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानने छांब भागात रणगाड्यांसह मोठा हल्ला चढविला. अखनूर हातचे गेले असते, तर काश्मीरकडे जाणारा मार्ग धोक्यात आला असता. त्या दुपारी भूदलप्रमुख जनरल चौधरी आणि विमानदलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांकडे आले आणि त्यांनी विमानदल वापरण्याची परवानगी मागितली. युद्धाची व्याप्ती वाढविणारा तो निर्णय होता. मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट न पाहता, काही मिनिटांत, यशवंतरावांनी संमती दिली आणि जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी त्यांना पूर्ण पाठिंबा दिला. त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमाने उडाली. पहिल्याच झडपेत आपली चार विमाने पडली. ज्याने संमती दिली, त्याला ती रात्र कशी गेली असेल, याची कल्पना करावी.

त्या दिवसांत ते रोजनिशी लिहीत असत. संरक्षण मंत्रालयात त्यांचे खासगी सचिव असलेले राम प्रधान यांनी ती २००७ मध्ये प्रसिद्ध केली. यशवंतराव १९८४ मध्ये निवर्तले होते. म्हणजे विजयानंतरची जवळजवळ वीस वर्षे त्या वह्या हाताशी असूनही त्यांनी स्वतःच्या कर्तृत्वाचा पुरावा म्हणून त्या लोकांपुढे मांडल्या नाहीत. आणि युद्ध चालविणारा हाच मंत्री जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजींबरोबर ताश्कंदला गेला. जवानांनी रक्त सांडून घेतलेला हाजीपीरसारखा भाग परत देण्याचा करार तेथे १० जानेवारीला झाला. त्याच रात्री शास्त्रीजींचे देहावसान झाले. जिंकलेले सोडून देणे जिंकण्याहून अवघड असते, हे आपल्याला बाहुबलींच्या कथेने शिकविले आहे. आम्ही गौरव करतो तो शस्त्राचा नव्हे. शस्त्र उचलताना हात न कापणे आणि ते खाली ठेवताना मन न कचरणे, या संयमाचा.

प्रश्न : मुलाच्या भाषणाचा शेवट कोणत्या वाक्याने करावा? यशवंतरावांचे एखादे ठसठशीत वाक्य द्यावे. (कोळगावच्या त्याच भगिनी)

उत्तर : भगिनी, वाक्य देण्याऐवजी आम्ही एक प्रसंग देतो. तो आपल्या पालघरलाही जवळचा आहे.

२ जून १९४२ रोजी यशवंतरावांचा वेणूताईंशी विवाह झाला. ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’चे आंदोलन पेटले. १४ ऑगस्टला आपल्या पालघरला गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्यांच्या स्मारकावरून आपला मुलगा रोज शाळेत जात असेल. तिकडे सातारा जिल्ह्यात यशवंतराव भूमिगत झाले. पोलिसांना ते सापडेनात, तेव्हा लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला पोलिसांनी वेणूताईंना पकडून नेले. तुरुंगवासाने त्यांची प्रकृती ढासळली आणि पुढे आयुष्यभर ती नाजूकच राहिली. पुढे एकदा दिल्लीहून पंतप्रधानांचा दूरध्वनी आला आणि ‘कोणाजवळ बोलू नका’ असे सांगितले गेले, तेव्हा यशवंतरावांनी एकाच व्यक्तीला विचारण्याची मोकळीक मागितली. ती मोकळीक त्यांना का हवी होती, हे आता आपल्या मुलाला वेगळे सांगावे लागणार नाही.

१ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतराव गेले. कराडला वेणूताईंच्या नावाचे स्मारक आहे आणि यशवंतरावांनी जन्मभर जमविलेली पुस्तके तेथे ठेवली आहेत. सुट्टीत मुलाला तेथे घेऊन जावे.

भाषणाचा शेवट त्या दूरध्वनीच्या प्रसंगाने करावा. स्पर्धेत क्रमांक येईल की नाही, हे परीक्षकांवर सोडावे. एवढे निश्चित की, त्याने सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीची पावती त्याच्याजवळ असेल.

पुढील अंकासाठी प्रश्न पाठविताना, एखादे वाक्य आपण कोठे वाचले किंवा कोणाकडून ऐकले, तेही कृपया लिहावे.